दोन हुद्द्यांची माणसं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

इथे कॅनडात, मार्कहॅममध्ये, आमच्यापासून दोन घरं सोडून जोगळेकरकाका राहायचे, मुलाकडे. पुण्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, दरबारातल्या मानकऱ्यांची यादी करणं हा त्यांचा ध्यास. बेसमेंटमध्ये बुटांच्या खोक्यांत हाताने लिहिलेली कार्डं — वीस वर्षांची. २००७च्या हिवाळ्यात ती कॉम्प्युटरवर घ्यायचं मी कबूल केलं.

त्या दरबारात एकाच माणसाला दोन गोष्टी मिळत. एक किताब, जन्मभराचा. दुसरं प्रत्यक्ष काम, जे सम्राट कधीही काढून घेई. 'प्रोटोस्पाथारिओस' हा किताब. 'स्ट्रॅटेगोस', म्हणजे प्रांताचा सेनापती, हे काम. काकांनी हे मला समजावलं होतं. मी ऐकलं होतं — की नुसतं हं हं केलं होतं? ऑफिसात मी कर्मचाऱ्यांचा डेटाबेस सांभाळायचो. तिथे एका माणसाला एकच हुद्दा. नाव दोनदा आलं की दुसरी नोंद उडवायची, असाच प्रोग्राम मी इथेही चालवला. किताबाची नोंद आधी होती, म्हणून शेकडो सेनापतींचं सेनापतिपद गेलं. वर काकांच्या सुनेला मीच म्हणालो, आता कार्डं रिसायकलिंगमध्ये टाका. तिने टाकली.

लायब्ररीत काकांचं भाषण झालं, माझ्या छापील यादीवरून. एका प्राध्यापक बाईंनी हळूच विचारलं, यातल्या एकाही सेनापतीच्या नावापुढे सेनापतिपद कसं नाही? काका कागद उलटत राहिले. मग सॉरी म्हणून खाली बसले. मी पहिल्याच रांगेत होतो. मला लगेच कळलं होतं.

परतताना गाडीत काका म्हणाले,

"कार्डांवर मीच चुकीचं लिहिलं असणार. खरं सांग रे, माझं डोकं चालेनासं झालंय का?"

रस्ता निसरडा होता, म्हणून मी समोर बघत होतो — की म्हणून नाही?

"वयानुसार होतं असं, काका."

असं का म्हणालो? चांगली नोकरी होती, काका मला रागावलेही नसते. मग कशाला घाबरलो?

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. साधी गोळी घेतानाही सुनेला दोनदा विचारायचे, घेतली का मी? चार वर्षांनी गेले, स्वतःच्या डोक्यावर विश्वास न ठेवता.

कार्डांवरून टाइप केलेली पहिली फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. काही न उडवलेली. त्यांनी गाडीत विचारलं तेव्हा तो मागच्या सीटवरच होता.