तीन गिअरची हिरवी सायकल

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वडणग्याचे बाळासो चौगले शाहूपुरीतला शेवटचा रतीब घालतात. मग रिकाम्या किटल्यांची जड काळी सायकल कृष्णात मिस्त्रींच्या दुकानासमोर लावून आतली तीन गिअरची हिरवी सायकल बघत उभे राहतात. वर्षभर हेच चाललंय. आज मिस्त्रींनी तिच्यावरून एक फेरी मारू दिली.

परतल्यावर बाळासोंनी विचारलं, "हिला कॅरिअर बसतंय का?"

"बसंल की. पर चाळीस शेर दूध टांगलंस तर चाकाचा पापड हुईल. आधी म्हशी इक, मग ही घे!"

बाळासो हसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी हिरवीचा गिअर पुन्हा बदलून पाहिला आणि काळीच्या मागच्या चाकात जाड स्पोक भरायला सांगितले.

उद्या पहाटे पाचला वडणग्याहून दूध काळ्या सायकलवरूनच निघेल.