रजिस्ट्रीतला कंस

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सात मशीन होती. त्यातलं चार नंबरचं मी बिघडवलं. आज हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा सांगायला मला दोन दिवस लागले.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. घर संगमेश्वरच्या पुढे, आत गावात. बाबा दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला असायचे. घरी कॉम्प्युटर असणं शक्यच नव्हतं, म्हणून लॅबच्या सरांनी मला एक सवलत दिली होती. शनिवारी दुपारी सगळे गेले की खिळ्यावरची किल्ली घ्यायची आणि दोन तास बसायचं. बदल्यात मशीनची बारीकसारीक कामं करायची. ती किल्ली गेली असती तर माझं शिकणंही तिथंच थांबलं असतं.

त्या शनिवारी सर कोल्हापूरच्या गाडीच्या घाईत होते. कुणाच्या तरी फ्लॉपीतून चार नंबरमध्ये व्हायरस शिरला होता. वहीच्या पानावर त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. रजिस्ट्री उघड. प्रोग्रॅम सुरू करण्याच्या हुकमाची ओळ शोध. तिच्या सुरुवातीला व्हायरसचं नाव घुसलंय, तेवढं काढ. बाकी कशाला हात लावू नकोस.

रजिस्ट्री म्हणजे सिस्टीमच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे नोंदलेल्या असतात ती जागा, एवढं मला ऐकून माहीत होतं. उघडल्यावर डावीकडे सहा फोल्डर दिसले. एकाच्या अधिकच्या खुणेवर क्लिक केलं तर आत शेकडो, त्यातल्या एकावर केलं तर आत आणखी. एकच नाव दोन ठिकाणी दिसायचं आणि खरं कुठलं ते कळायचं नाही. उजवीकडे जिथे तिथे एकच ओळ, की इथे काही भरलेलं नाही. काही भरलेलं नाही तर ओळ कशाला ठेवली, हेही मला समजेना. सेव्हचं बटण शोधलं, ते नव्हतं. चुकलं तर मागे जायची सोयही दिसेना.

सरांच्या कागदावर बोट ठेवत ठेवत शेवटी ती ओळ सापडली. व्हायरसचं नाव, मग अवतरणचिन्ह, टक्क्याची खूण, एक आकडा, तारा. नावावर कर्सर नेला, पण डिलीटचं बटण माझ्याच्याने दाबवेना.

त्याला कारण होतं. आजोबा गेल्यावर बाबांनी मला तलाठ्याकडे नेलं होतं. आमच्या भाताच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर तलाठ्याने आजोबांचं नाव खोडलं नव्हतं. नावाला कंस केला आणि खाली बाबांचं नाव लिहिलं. "नोंद खोडायची नसते," तो म्हणाला होता. "कंस केला की ती संपली. पण उद्या कुणी विचारलं तर वाचता आली पाहिजे." नोंदीबद्दल मला कुणी शिकवलेलं तेवढंच होतं.

मी व्हायरसच्या नावाला कंस केला आणि ओके दाबलं.

खिडकी बंद करून कॅल्क्युलेटर उघडून पाहिला. फाइल सापडत नाही, असा निरोप आला, आणि त्यात माझा कंस होता. टायपिंगचा प्रोग्रॅम उघडेना. परत जाऊन कंस काढावा म्हटलं, तर रजिस्ट्रीचा एडिटरच उघडेना; तोही एक प्रोग्रॅमच. मशीन बंद केलं, चालू केलं. तेच. मी किल्ली खिळ्यावर लावली आणि एसटीने घरी गेलो.

रविवारी बाबांनी विचारलं, "त्वांड का उतरलंय?"

"रजिस्ट्री बिघडली माझ्या हातून."

बाबांच्या हातातली कोयती थांबली. "कुणाची? जागेची?"

"कॉम्प्युटरची."

"कॉम्प्युटराला जागा कशाला लागतेय?"

"तशी नाय ओ. त्याच्या आतली नोंद."

मी जमेल तसं समजावलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. मलाच किती कळलं होतं? एवढंच म्हणाले, "मग ज्याचा दप्तर हाय त्याला सांगितलास?"

मी खाली पडलेल्या काटक्या गोळा करायला लागलो.

"नाय सांगितलास. उद्या पहिल्या गाडीन जा."

सोमवारी लॅब उघडायच्या आधी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सरांनी मशीन चालू केलं, तो निरोप वाचला आणि चष्मा काढला.

"हा कंस कुणी घातला?"

"मीच, सर."

"का?"

सातबाऱ्याचं सांगितलं. सर हसले, मग पुन्हा हसले. "तू काय तलाठी हैस काय रे?" नंतर शांतपणे म्हणाले, "सातबारा माणूस वाचतो. हे मशीन वाचतंय. त्याला कंसही नावातलाच वाटला. त्या नावाची फाइल शोधत बसलं."

त्यांनी मशीन काळ्या पडद्यावर नेलं आणि एक हुकूम टाइप केला. तारखांची यादी आली. मशीन रोज पहिल्यांदा चालू झालं की रजिस्ट्रीची एक प्रत आपणहून ठेवतं, पण फक्त शेवटच्या पाच. यादीत शनिवार सकाळची प्रत होती.

"आठवडाभर गप्प राहिला असतास," सर म्हणाले, "तर पाचही प्रती कंसाच्याच झाल्या असत्या."

शनिवारची प्रत परत आली, आणि तिच्याबरोबर व्हायरसचं नावही. सर खुर्चीवरून उठले. "बस. आता तूच काढ. पण आधी त्या ओळीची प्रत फ्लॉपीवर घे. कंस करायची हौस असली तर वहीत कर."

मी प्रत घेतली, दोनदा तपासली, मग नाव पुसलं. कॅल्क्युलेटर उघडला. तो बंद करायचं मला सुचलंच नाही. तसाच बघत बसलो. सरांनी किल्ली खिळ्यावरून काढली नाही.

तेव्हापासून चार नंबरजवळ एक वही असायची. जुनी नोंद कंसात, खाली नवी. सेव्हचं बटण का नव्हतं, ते मात्र मला वर्षभर कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "सुधारली का ती रजिस्ट्री?"

"सुधारली."

"कंस केलास?"

"वहीत केला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कोयती उचलली.