लाल झाकणाचा डबा

आमच्या पाटसकडे दाण्याचा कूट पडला नाही तर भाजीला कुणी भाजी म्हणत नाही, आणि माझ्या मुलीला नेमका शेंगदाणाच चालत नाही. कणभर पोटात गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो. शिवाय घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळे मांसमच्छी नाही, अंडंही नाही. अशा सात वर्षांच्या पोरीला घेऊन मी सिंगापूरला गेले. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि कंपनीने दुकानदारांची सहकुटुंब सहल काढली होती. तिथे ही खाणार काय, या काळजीने महिनाभर माझी झोप उडाली होती.

मी मुळातच संशयी. घरी तिची कढई वेगळी, पोळपाट वेगळा, आणि लाल झाकणाचा एक डबा फक्त तिचा. निघायच्या दिवशी मी स्वतः दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या आणि त्या डब्यात भरल्या. परक्याच्या हातचं तिला द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला थीम पार्कला नेलं. फाटकावर डबा उघडून पाहिला आणि ॲलर्जी म्हटल्यावर सोडला. आतलं सगळंच मला चमत्कारिक वाटलं. झुडपांतून गाणं येत होतं, गाणारं कुणी दिसत नव्हतं. एवढी खाण्याची दुकानं, पण एक माशी नाही की एक कावळा नाही. माणसाएवढा पांढरा ससा पोरांना हात करत फिरत होता. त्याचं हसू तोंडावर शिवून टाकलेलं. आम्ही जाऊ तिथे तो असायचाच.

"अगं, पाच-सा असत्याल तसलं," नवरा म्हणाला. "येडी का काय तू!"

मला काही ते पटलं नाही.

त्यात आणखी एक. सरबत घ्या नाहीतर आइस्क्रीम, काउंटरवरचा माणूस आधी मुलीकडे वाकून विचारायचा, तुला काय चालत नाही? इंग्रजी शाळेत जाणारी माझी मुलगी मला अर्थ सांगायची. प्रत्येक ठिकाणी तेच शब्द, तोच सूर, तेच हसू. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा मी मुलीला मागे ओढलं. आमच्याबद्दल यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय, असं वाटायला लागलं. मुलीला मात्र गंमत वाटत होती. ती तसंच वाकून तसंच हसायला शिकली.

दुपारी जेवायला बसलो. मोठा आचारी स्वतः बाहेर आला, चौकशी करून गेला आणि थोड्या वेळाने वेगळ्या भांड्यात शिजवलेला भात, बटाटा, गाजर घेऊन आला. वर ॲलर्जीवाल्याचं ताट म्हणून जांभळी चिमुकली झेंडी खोचलेली. परक्या पोरीची इतकी काळजी कुणी घेतं का? मी ते ताट बाजूला सारलं आणि लाल झाकण उघडलं.

मुलीने दशमी हातात घेतली. माझ्याकडे वाकली, त्या लोकांसारखंच हसली आणि म्हणाली, "ह्यात दाणं हायेत का?"

मला रागच आला. "आईला इचारतीस व्हय? माझ्या हातचं हाय त्ये. खा गुपचूप."

तिने खाल्लं.

तिसऱ्या घासाला ती बोलायची थांबली. ओठ फुगले, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन माझ्याच पिशवीत होतं, पण मी तिची पाठच चोळत राहिले. नवऱ्याने ते तिच्या मांडीत टोचलं. काचेपलीकडे ससा उभा होता आणि आमच्याकडे बघून हात हलवत होता.

दवाखान्यात संध्याकाळी तिने पाणी मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती झोपल्यावर मी डबा मांडीवर घेतला. झाकणाचं रबर नखाने उचकटलं. खाली भुरकट, चिकट थर होता. नाकाशी नेला. गूळ आणि भाजलेले दाणे.

घरी फोन लावून लाल झाकणाचा डबा कुणी घेतला होता ते विचारलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तुमी निघायच्या आदल्या दिशी शेजारी परसाद धाडला व्हता त्या डब्यातनं. रिकामा डबा कोन परत करतं का? त्यांनी दाण्याचं लाडू घालून दिलं. म्या लाडू काढलं, फडक्यानं डबा पुसला आन् तुझ्या फळीवर ठिवला. का गं? पोरगी बरी हाय न्हवं?"

मी म्हणाले, पोरगी बरी आहे. त्यांना काय बोलणार? मीसुद्धा आजवर कुणाचा डबा रिकामा पाठवलेला नाही. आणि माझ्याच फळीवरचा डबा म्हणून मी तो धुतलासुद्धा नव्हता.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. मी ताट वाढलं की ती माझ्याकडे वाकते, तसंच हसते आणि त्याच सुरात विचारते, "ह्यात दाणं हायेत का?" सुरुवातीला मी नुसतं नाही म्हणायचे. ती हसत बघत राहायची, ताटाला हात लावायची नाही. आता मी उठते, कढई बघते, झाकणांची रबरं काढून बघते आणि मग सांगते. कधी कधी ती पुन्हा विचारते. मी पुन्हा उठते.