तीनशेला तीनशे

सुमनताईंनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "ढोलकी कुठं गेली?"

मी हेडफोन लावून गाणं पुन्हा ऐकलं. ढोलकी जागेवर होती. चांगली भरदार, खालून उचलणारी. तसं मी त्यांना सांगितलं.

"तुझ्या कानात आसंल. आमच्या गाडीवर वाजवलं काल, तर नुसती टिकटिक. पोरं म्हनाले, ताई, घड्याळाचं गाणं केलं का काय?"

सुमनताई उमरीच्या. भीमगीतं गातात. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गायली. हे पहिलंच गाणं त्यांचं स्वतःचं होतं आणि जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात आधी तेच लागणार होतं. जयंती तोंडावर आली होती.

"शनिवारपर्यंत नीट करा. न्हाईतर मी हैदराबादच्या स्टुडिओत जाते," असं म्हणून त्या उठल्या. दारात थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवाज माझा चांगला धरलास बाई. म्हणून तर परत आले."

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं असं मला वाटलं. ते सोपं गेलं असतं.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर नांदेडला बशीरचाचांकडे काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील लोह्याजवळ शेती करतात. त्यांना मी 'साउंडच्या ऑफिसात' आहे एवढंच माहीत आहे. चाचांचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, सभा, उरूस, जयंती, सगळीकडे त्यांचेच भोंगे. गोडाऊनच्या मागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली आणि त्या खोलीत मी मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे गायकाचा आवाज, ढोलकी, बाजा हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड झालेलं असतं, त्यातलं कुणी किती मोठ्यानं वाजायचं ते ठरवणं.

खोलीला लागूनच ट्रकांचा रस्ता आहे, त्यामुळे स्पीकरवर ऐकून मिक्सिंग जमत नाही. म्हणून चांगला हेडफोन घ्या, असं मीच चाचांना सुचवलं होतं. त्यांनी माझं ऐकलं आणि खूप भारी हेडफोन आणला. तेव्हापासून आमच्या खोलीतून निघालेल्या प्रत्येक गाण्याची तक्रार येत होती. आत छान, बाहेर पोकळ.

"बेटा, तुझ्या हेडफोनमदीच काहीतरी गडबड हाय," चाचा म्हणाले. "परत देऊन टाकू का?"

"शनिवारपर्यंत थांबा ना चाचा," मी म्हणाले. थांबून काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. आपले कानच तयार नसतील, असं वाटलं. मग खिशातला साधा इअरफोन मोबाइलला लावून तेच गाणं ऐकलं. सुमनताईंचं बरोबर होतं. ढोलकीची डावी बाजू, जी घुमते ती, जवळजवळ नव्हतीच. म्हणजे भारी हेडफोन मला ढोलकी जास्त ऐकवत होता. मला ती जास्त वाटायची म्हणून मी कमी करत होते. बाहेर गेल्यावर ती उरतच नव्हती.

पण हा हेडफोन तर सरळ आवाजासाठी नावाजलेला होता. मग मी वायर धरून मागे मागे गेले. हेडफोनची वायर एका हिरव्या पत्र्याच्या डब्यात जात होती. डब्यातून निघालेली वायर चाचांच्या सभेच्या अॅम्प्लिफायरला जोडलेली होती. डब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ३००.

तो डबा चाचांनी स्वतः बनवला होता. त्याची गोष्ट अशी. प्रत्येक भोंगा विजेला थोडं अडवतो. ते अडवणं ओहममध्ये मोजतात. एका अॅम्प्लिफायरवर अनेक भोंगे लावताना त्यांच्या ओहमचा हिशेब अॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवावा लागतो. नाही जुळला तर भर सभेत अॅम्प्लिफायर जळतो. याला साउंडवाले मॅचिंग म्हणतात. चाचांचा अॅम्प्लिफायर आजवर एकाही सभेत जळलेला नाही, आणि हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला चहाआधी सांगतात. मॅचिंग केल्याशिवाय ते वायरला वायर लावत नाहीत. हेडफोनवर तीनशे ओहम लिहिलेलं बघून त्यांनी डब्यात तीनशेचेच रेझिस्टर टाकले. रेझिस्टर म्हणजे वाटेत वीज अडवणारा छोटा तुकडा. मला म्हणाले होते, "तीनशेला तीनशे. आता कशाला भ्यायचं न्हाई." मीही मान डोलावली होती. मॅचिंग म्हटल्यावर आमच्या गोडाऊनमध्ये कुणी प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर सलग एकच सूर वाजवणारं अॅप घेतलं आणि मल्टीमीटर काढला. मोबाइल अॅम्प्लिफायरला जोडून ढोलकी घुमते तसा एक खालचा सूर लावला, मग गळ्याच्या पट्टीतला एक मधला. डब्याच्या पुढे, हेडफोनला जाणाऱ्या स्क्रूंवर मीटर लावला. मधल्या सुराला एक व्होल्ट दाखवत होता. खालच्याला सव्वाच्या पुढे.

चाचा मागे येऊन उभे होते. "मीटर खोटं बोलून राहिलं. सेल बदल."

मी सेल बदलला. आकडे तेच. मग मीटर डब्याच्या अलीकडे, अॅम्प्लिफायरच्या बाजूला लावला. तिथे दोन्ही सुरांना आकडा सारखाच आला. म्हणजे मीटर खरं बोलत होता. अॅम्प्लिफायरही ठीक होता. जे काही होत होतं ते डब्यात होत होतं.

हे तोंडाने कसं सांगायचं ते मला समजेना. ज्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं त्यांच्याच हातचा डबा होता. मी उगाच मीटरच्या वायरी गुंडाळत बसले.

"बोल की," चाचा म्हणाले. "मीटर बोललं, आता तू बोल."

मग मी त्यांना आमच्या हरभऱ्याची गोष्ट सांगितली. गेल्या हिवाळ्यात वडिलांनी तुषारचे पाईप पसरले, पण मोटारीपासून येणारा मुख्य पाईप बारीक होता. सगळे नोझल चालू असले की पाणी धड उडायचं नाही. निम्मे बंद केले की उरलेल्यांतून असं उडायचं, की शेजाऱ्याचा बांध भिजायचा. मुख्य पाईप जाड असता तर किती नोझल चालू आहेत याने फरक पडला नसता.

"हेडफोनचे तीनशे ओहम सगळ्या सुरांना तीनशे नसतात चाचा," मी म्हणाले. "खालच्या सुरांना ते वाढतात. म्हणजे तिथं नोझल बंद होतात. मग पाईप बारीक असला की तिथं जोर वाढतो. ढोलकी फुगते."

चाचांचं लहानपण शेतातच गेलं आहे. त्यांनी डब्याकडे बघितलं.

"म्हणजे माझा डबा बारीक पाईप."

"हाव, चाचा."

"भोंग्याला चालतंय ते हितं चालत न्हाई."

"न्हाई. हितं अॅम्प्लिफायरच्या बाजूचे ओहम लई कमी पायजेत. सारखे नकोत."

त्यांनी डबा सोडवला आणि वायर सरळ अॅम्प्लिफायरला लावली. हेडफोनमधून फस्स असा आवाज आला, कुकरची शिटी सुटण्याआधी येतो तसा. मैदानभर ऐकू जायला बनवलेला अॅम्प्लिफायर कानाला लावल्यावर हेच होणार होतं. डब्याने तो फस्स आवाजही दाबून ठेवला होता. मग आम्ही खोलीतल्या साउंड मिक्सरच्या हेडफोनच्या भोकात जॅक घातला. तिथे जोर पुरेना. आवाज पूर्ण वाढवूनही सुमनताई शेजारच्या गल्लीतून गात होत्या. एक फार मोठा पडत होता, एक फार लहान. तीनशे ओहमच्या हेडफोनला पुरेसा दाब देईल, पण वाटेत स्वतः अडवणार नाही, असा खास हेडफोनचा अॅम्प्लिफायर हवा होता. नांदेडात फिरून बघितलं. दुकानदार वॅट सांगत होते. अॅम्प्लिफायरचे स्वतःचे ओहम विचारले की बॉक्स उलटून बघत होते.

लातूरला बिराजदार म्हणून एक जण आहेत, त्यांच्याकडे असली यंत्रं असतात, असं आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांनी सांगितलं. "जाऊन ये," चाचा म्हणाले. मग त्यांनी न सांगता इस्त्री तापवली. आम्ही सोल्डरिंगच्या लोखंडाला इस्त्रीच म्हणतो. हेडफोनसाठी एक जोडवायर केली, मध्ये मीटर लावायला दोन टोकं उघडी ठेवून. माझ्या हातात देताना म्हणाले, "मीटर लावल्याशिवाय कुनाचं ऐकू नको. माझं बी."

सकाळच्या बसने निघाले. हेडफोन ओढणीत गुंडाळून मांडीवर. लोहा आलं तेव्हा खाली उतरून सरळ घरी जावं असं वाटलं. तिथे मला कुणी ओहम विचारणार नव्हतं.

बिराजदारकाकांचं दुकान जिन्याखाली होतं. मी हेडफोनचं नाव सांगताच त्यांनी एक मोठा अॅम्प्लिफायर पुढे ओढला. वर काचेचे बल्ब, आत नारिंगी उजेड. जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह. "हाच घे. या हेडफोनला सगळे हाच नेतात."

ऐकला. फार गोड होता. सुमनताईंचा आवाज मऊ झाला होता आणि ढोलकी छातीत वाजत होती. मला तोच आवडला. मग मी पिशवीतून मीटर काढला.

"हे काय करून राहिलीस?"

"मोजते काका."

"दुकानात मीटर घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. सासरी जाताना तराजू नेशील तू."

दोन्ही सूर लावले. मधल्याला एक, खालच्याला सव्वाच्या आसपास. चाचांचा डबाच होता तो, फक्त दिवे लावलेला.

"हा गाणं ऐकायला चांगला आहे काका. मला गाणं तपासायचंय."

त्यांनी वरच्या फळीवरून एक काळा चपटा डबा काढला, फुंकर मारली. "याला उजेड न्हाई, म्हणून कुणी हात लावत न्हाई."

मीटर लावला. मधल्याला एक. खालच्याला एक. मी सूर आणखी खाली नेला. एक. आवाज वाढवला, फस्स नाही, जोर भरपूर. ढोलकी मात्र बारीक आणि पोकळ ऐकू आली. इतके दिवस लोक जी ऐकत होते ती. आपलंच काम इतकं वाईट ऐकून मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

"घेऊन जा. चाललं तर ठेव, न्हाईतर परत आण," काका म्हणाले आणि माझं कॉलेजचं आयकार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

शुक्रवारी मी गाणं पुन्हा मिक्स केलं. ढोलकी तिच्या जागी येईपर्यंत वर घेतली. मग चाचांनी गोडाऊनचं शटर उघडलं आणि मिरवणुकीचे मोठे स्पीकर बॉक्स बाहेर मांडले. गाणं लावलं. पहिली थाप पडली तेव्हा समोरच्या टायरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला.

चाचांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "लाव परत," एवढंच म्हणाले.

शनिवारी सुमनताई आल्या. त्यांनी खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर पेनड्राइव्ह उचलून पर्समध्ये टाकला. "हैदराबादचं तिकीट काढलंच नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भ्या दाखवत होते."

जयंतीला मी आणि चाचा उमरीला गेलो. ट्रकवर चाचांचेच बॉक्स. ढोलकी सुरू झाली आणि पुढची सगळी रांग एकदम हलली. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. गाणं संपलं तसं पोरांनी परत लावायला लावलं, आणि परत. सुमनताईंनी ट्रकवरून मला गर्दीत शोधलं आणि हातानेच ढोलकी वाजवून दाखवली. चाचा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "मिक्सिंग हिनं केलं. आमच्या हापिसात हाय."

काळा अॅम्प्लिफायर आता आमच्याकडेच आहे. आयकार्ड आणायला चाचा स्वतः लातूरला गेले आणि बिराजदारकाकांशी मॅचिंगवर दुपारभर बोलून आले. हिरवा डबा अजून फळीवर आहे. मी तो टाकू दिला नाही. कुणी भारी हेडफोन घेऊन येतं आणि किती वॅटचा अॅम्प्लिफायर लावू असं विचारतं, तेव्हा चाचा तो डबा खाली काढतात आणि मला हाक मारतात. वॅटचं नंतर बघू, असं मी सांगते. आधी मीटर लावू.