आसारामची घुंगरं

सरकारी कागदात गावाचं नाव मोमिनाबाद होतं, पण जोगाईच्या दर्शनाला येणारा माणूस "आंब्याला आलो" असंच म्हणायचा. त्या आंब्यात आसाराम हरकारा राहत होता. टपालाची थैली खांद्यावरून उतरून त्याला तीन वर्षं झाली होती, तरी हरकारा हे नाव काही त्याला सोडत नव्हतं. बावीस वर्षं त्यानं आंबं ते घाटनांदूर ही वाट पायांनी पळत तुडवली होती. हातात काठी, काठीला घुंगरांचा झुबका. घुंगरं वाजली की वाटेवरची माणसं बाजूला होत आणि रानातल्या बायका दिवस किती वर आला ते ओळखत.

नोकरी सुटली तेव्हा बदलीवर निघालेल्या टपालबाबूनं आपली जुनी सायकल त्याला देऊन टाकली. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण महिनाभर गुडघे फोडून घेत तो ती शिकला. शिकल्यावर पहिलं काम काय केलं, तर घंटी काढली आणि काठीवरची थोडी घुंगरं सोडवून हँडलला बांधली. बायको छबुबाई म्हणाली, आता शिंगं तेवढी रंगवायची राहिली. तो हसला, पण घुंगरं काढली नाहीत.

त्याची थोरली लेक कौशल्या घाटनांदूरला दिलेली. दुसऱ्या खेपेला ती अडली, म्हणून तिला गाडीत घालून आंब्याच्या दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत ओढ्याकाठी एक चिंच आहे, तिथं गाडी थांबली ती थांबलीच. आसाराम आंब्याकडून टपाल घेऊन येत होता. लांबून त्याला जावई चिंचेखाली बसलेला दिसला. लेक आणि लेकरू दोन्ही गेलेले. सरकारी थैली खाली ठेवता येत नव्हती. तो घाटनांदूरला गेला, थैली पोचती केली, पावतीवर अंगठा दिला आणि पळत चिंचेपाशी परत आला. पुढं हे तो कधी कुणाला सांगत बसला नाही. त्या चिंचेपाशी पायातलं काढून हात जोडायचा आणि पुढं जायचा, एवढंच.

दवाखान्यात वेळेवर पोचलेल्या बाईची तरी कुठं सोय होती. खाटा सगळ्या पुरुषांच्या, अडलेल्या बायका अंगणात लिंबाखाली पडून राहत. म्हणून मोहनराव वकिलांनी मनावर घेतलं, की दवाखान्याशेजारी बाळंतिणींसाठी दोन खोल्या बांधायच्या, आणि त्यासाठी चैत्र पाडव्याला निघून औरंगाबादेपर्यंत सायकलींवर गावोगाव चंदा मागत जायचं. सायकल बघायला गाव गोळा होतं, मग मागणं सोपं जातं, असा त्यांचा हिशेब. स्वतः वकीलसाहेब, कापडवाला रामकिसन, शाळेचे सुंदरराव मास्तर आणि कचेरीतला बंकट असे चौघे तरणेबांड तयार झाले. पाचवा म्हणून आसारामनं नाव दिलं.

वकीलसाहेब पेचात पडले. माणूस भला, पण वय झालेलं, आणि एक थकला की सगळे खोळंबणार. त्यांनी तोड काढली. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला जोडून दोन दिवस सराव करू. गुरुवारी सकाळी आंब्याहून निघून घाटनांदूरवरून परळी गाठायची, शुक्रवारी त्याच वाटेनं परत. गुरुवारी वैजनाथाच्या सांजआरतीच्या आत जो परळीत पोचेल तो औरंगाबादेला येईल. आसाराम बरं म्हणाला. घरी येऊन छबुबाईला मात्र त्यानं सांगितलं, "ह्या दोन खोल्या माझ्या हातून न्हाई झाल्या तर मग माझ्या हातून काईच झालं न्हाई." तिनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि तो वळणाआड जाईपर्यंत जोगाईचं नाव घेत दारात उभी राहिली.

फाल्गुनाचे दिवस. ज्वारीची काढणी उरकलेली, रस्त्यानं कडब्याच्या गाड्या चाललेल्या. चौघे जोरात निघाले. रामकिसननं घुंगरांवरून आसारामची थट्टा केली, पोळ्याचा बैल आमच्यात कुणी आणला म्हणाला. तासाभरात ते पुढं निघून गेले आणि धुरळासुद्धा दिसेनासा झाला. आसारामला घाई नव्हती. वाट त्याच्या पायाखालची, चढ कुठं लागतो आणि पाणी कुठं मिळतं सगळं ठाऊक. ह्याच चालीनं आरतीच्या आत पोचतो, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

ओढ्यापाशी आला तर कडब्याची गाडी चारीत कलंडलेली. पेंढ्या रस्ताभर, आणि एक म्हातारी दोन बैलांच्या कासऱ्यांना लोंबकळत त्यांना चुचकारतेय. ही भिवराबाई. नवरा गेल्यापासून ओढ्याकाठचं शेत एकटी करायची, गाडीही स्वतःच हाकायची. चौघांनी मागून एकदम घंट्या वाजवल्या, बैल बुजले, चाक चारीत गेलं. आणि ते चौघे, आरती गाठायच्या नादात, वळूनसुद्धा न बघता निघून गेले.

आसारामच्या घुंगरांचा आवाज आला तसे बैलांनी कान टवकारले आणि उभे राहिले. त्यांच्याही गळ्यात घुंगुरमाळाच होत्या.

भिवराबाईनं ह्याला ओळखलं, पण राग काही गिळला नाही. "तुमच्यातलेच ना ते? जा की मंग तू बी. थांबलास कावून?"

आसारामनं सायकल चिंचेला टेकवली. दिवस बघितला. सगळा कडबा उतरवून गाडी वर काढायची, पुन्हा भरायची, म्हणजे दोन तास सहज. थांबलं तर आरती हुकणार, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्यानं पागोटं काढून ठेवलं आणि पेंढ्या उचलायला लागला. भरता भरता तिनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, कुठं चाललोय, खोल्या कशाच्या. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पुण्य करायला निघालेत, आन् वाटंवरच्या बाईला चारीत लोटून गेले. लई चांगलं."

परळीत तो पोचला तेव्हा आरती होऊन प्रसादही वाटून झाला होता. चौघे धर्मशाळेच्या ओट्यावर पाय चोळत बसलेले. उशीर का झाला असं वकिलांनी विचारलं. वाटेत कडबा सांडला होता, तेवढंच आसारामनं सांगितलं. गाऱ्हाणं सांगायची त्याला सवय नव्हती, आणि खरं सांगून जागा मागितल्यासारखं होईल असंही वाटलं असेल. वकिलांना वाईट वाटलं, पण ठरलेलं ते ठरलेलं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मागं राहून वर्गणीची पत्रं पोचवायचं काम तुम्ही बघा. आसारामनं मान हलवली आणि वैजनाथाच्या पायरीवर डोकं टेकून आला. रात्री त्यानं दशम्यांचं फडकं सोडलंच नाही.

शुक्रवारी परतीला तो मुद्दाम मागं राहिला. ओढ्यापाशी येतो तर चौघेही उभे. रस्त्यात आडवी बैलगाडी, गाडीवर भिवराबाई, आणि भोवती वस्तीवरची दहा-पंधरा माणसं. वकीलसाहेब तिला रस्ता कायद्यानं कसा सरकारचा असतो ते समजावून सांगत होते. ती ऐकत होती, पण कासरा हलवत नव्हती.

आसारामला बघून ती वकिलांना म्हणाली, "काल तुमी ज्याला मागं टाकलं, त्यानं माझी गाडी काढली. बोलला का न्हाई तुमाला?"

वकिलांनी आसारामकडे बघितलं. मग त्यांना कडबा आठवला. रामकिसन आपल्या घंटीकडे बघत राहिला. वकीलसाहेब सायकलवरून उतरले, टोपी काढली आणि त्या म्हातारीची माफी मागितली, वस्तीसमोर, हात जोडून. वकील माणसाला ते सोपं गेलं नसेल.

भिवराबाईनं ते पाहून घेतलं. "मागायला निघालात ना? मंग मागणाऱ्यानं घंटी वाजवत यावं का?" मग चिंचेकडे बोट करून तिनं आवाज खाली आणला. "ह्याची लेक हितं गेली तवा तोंडात पाणी मी घातलं होतं. माझ्या बांधावर दोन जुन्या बाभळी हायत. खोल्यांच्या चौकटींना तोडून न्या. पण न्यायला ह्याला पाठवा."

घाटनांदूरची वाट बावीस वर्षं तुडवली, पण आसाराम त्या चिंचेखाली कधी बसला नव्हता. त्या दिवशी बसला. वस्तीवरून ताक आलं, सगळे प्याले, आणि कुणी घाई केली नाही.

आंब्याची वेस आली तेव्हा वकिलांनी त्याला गाठलं आणि सांगितलं, की पाडव्याला तुम्ही पुढं असायचं, आम्ही तुमच्या चालीनं येऊ. आसाराम म्हणाला, "वकीलसाहेब, आरती तर हुकली माझी." वकील म्हणाले, हुकली खरी, पण नेम आमचाच चुकला होता.

दुसऱ्या दिवशी रामकिसन घरी आला. छबुबाईला वाटलं, पुन्हा थट्टा करायला आला. तो ओट्याच्या कडेला टेकला आणि विचारलं, काकू, चार सायकलींना पुरतील एवढी घुंगरं कुठं मिळतील. तिनं आत जाऊन टपालाची जुनी काठी आणून त्याच्यापुढं ठेवली. निम्मी घुंगरं अजून त्या काठीलाच होती.