तुमचे लोक

सत्कार आहे असं कळलं तेव्हा मी हुरळून गेले होते, हे आधीच सांगून टाकते. कुरुंद्यात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली. आज गावातून मोटारसायकल उडवत फिरणारी कितीतरी पोरं पहिल्यांदा रडली ती माझ्या हातात. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, वर कपभर चहा, आणि विषय संपला. त्यामुळे शेतकरी मेळाव्यात शाल-श्रीफळ देणार म्हटल्यावर वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी आठवण झाली. मी ठेवणीतली साडी काढली. केसात गजरासुद्धा माळला, या वयात.

मांडवापाशी पोचले आणि फ्लेक्स दिसला. एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला इस्रायलचा निळा-पांढरा झेंडा, मधून ठिबकची काळी नळी. खाली ठळक अक्षरांत, 'इस्रायलच्या भगिनीचे हळद उत्पादकांतर्फे हार्दिक स्वागत.' मी तिथंच थिजले. माझी जन्मभराची बाळंतपणं गेली चुलीत. सत्कार ठिबकचा होता.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरात बोलणं मराठी, भांडणं मराठी, नवस फेडायचा तर पोह्याचा मलिदा. नोकरीनं मला इकडे आणलं आणि मी इथलीच झाले. इस्रायल मी टीव्हीवर पाहिला आहे, तुम्ही पाहिला असेल तेवढाच. धाकटी बहीण मात्र लग्न होऊन तिकडे गेली. तिचा फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागतो, ते वेगळं.

कुरुंद्यात मी माझा धर्म कधी लपवला नाही. कुणी विचारलं की सांगायचे, ते मान हलवायचे आणि विसरून जायचे. तिकडे गाझात युद्ध सुरू झालं आणि सगळ्यांना एकदम आठवलं. मेळावा भरवणारा पुढारी डोंगरकडा गावचा, ठिबकचा व्यापारी. त्यालाही तेव्हाच आठवलं असणार.

त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईकवर सुरू झाला. "इस्रायल म्हणजे मर्दायचा देश! थेंबाथेंबावर शेती करून राहिले, अन् दुश्मनाला कसं ठोकून राहिले, पाहा! ह्या आपल्या सिस्टर तिथल्याच." टाळ्या पडल्या. मग म्हणाला, सिस्टर दोन शब्द बोलतील.

मी बोलले. दोनपेक्षा जास्त बोलले. म्हटलं, मी तिथली नाही, इथली आहे. ठिबक चांगलं आहे, ते ज्यांनी काढलं त्यांना धन्यवाद. तिकडे आधी अतिरेक्यांनी निरपराध माणसं घरात घुसून मारली, ओलीस नेली, तेव्हा मी रडले, माझी बहीण त्याच मुलखात राहते. पण त्यानंतर गाझात लेकरांवर बॉम्ब पडले, त्यांचं अन्नपाणी अडवलं, ते इस्रायलच्या सरकारनं केलं आणि ते मला मान्य नाही. मी आयुष्यभर लेकरं जगवायचं काम केलं. त्यांना मारणाऱ्याच्या नावानं शाल घेऊन मी घरी जाणार नाही.

शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. पुढारी मांडवामागं धावत आला. चेहरा लालबुंद. "तुमी काहून असं बोलल्या? ज्यू असून इस्रायलला नावं ठेवता? तुमीच ज्यूंच्या दुश्मन निघाल्या!" मी म्हटलं, सरकारला नावं ठेवली, ज्यूंना नाही. आपण मुंबईच्या सरकारला रोज शिव्या घालतो, म्हणून आपण मराठी माणसाचे दुश्मन होतो का? यावर तो ओरडला, "त्या जर्मनीवाल्यानं तुमच्याशी बराबर केलतं!"

घटकाभरापूर्वी हाच मला भगिनी म्हणत होता. त्याला देश हवा होता, झेंडा हवा होता, बॉम्बसुद्धा हवे होते. ज्यू तेवढे नको होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण खरं सांगते, मला फार दुखलं नाही. त्या माणसाकडून मला काही नको होतं.

मला जे हवं होतं ते शेजारच्या घरात होतं. तिथं गुरुजी राहतात, निवृत्त शिक्षक. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही चहा पितो, पितो म्हणजे प्यायचो. त्यांची मुलगी माझ्याच हातांनी जन्मली. पायाळू होती, मायलेकी दोघी जातात की काय असं झालं होतं, पण निभावलं. ती मला मावशी म्हणते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "मावशी, बारशाला पाळण्यापाशी तुमीच उभ्या राहायचं." इकडे बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात. एकीनं बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं ते वरून परत द्यायचं, आणि मग त्याला पाळण्यात घालून नाव ठेवायचं. हा मान घरच्या बाईचा. मला संसार नाही, मूलबाळ नाही. तो मान मला हवा होता, अगदी हावरटासारखा हवा होता.

मेळाव्याच्या संध्याकाळी गुरुजी खुशीत होते. युद्धाच्या बातम्या वाचून ते रोज चिडायचे, मीही चिडायचे, त्यात आमचं पटायचं. "लई बरं बोलल्या, सिस्टर," ते म्हणाले. "तुमच्या लोकांत तुमीच एक माणुसकीच्या. बाकी जात मुळातच कपटी. साऱ्या जगाचा पैसा त्यांच्या मुठीत, रक्त पिल्याबिगर चैन न्हाई त्यांना."

चहाचा कप मी खाली ठेवला. म्हटलं, गुरुजी, माझा बाप टपाल खात्यात शिपाई होता. जगाचा पैसा कुठल्या मुठीत होता त्याच्या? ते हसले. "तुमचं न्हाई म्हणून राहिलो." मी म्हटलं, माझंच म्हणताय. त्या सरकारनं काय केलं ते बोला, मी तुमच्या बरोबरीनं बोलते, तुमच्यापेक्षा कडक बोलते. पण माणूस कुठल्या पोटी जन्मला यावरून तो रक्तपिपासू ठरवायचा असेल, तर मग दवाखान्यात लेकरू जन्मल्या जन्मल्याच आम्हा नर्सांना सांगायला हवं होतं, कुणाला पुसून दुपट्यात घ्यायचं आणि कुणाला नाही ते.

"तुमी मनाला लई लावून घेता," गुरुजी म्हणाले आणि पेपर उघडला. ज्या माणसानं वर्गावर्गांत जातीविरुद्ध घसा कोरडा केला, तो हे बोलत होता. पुढाऱ्याचं मी झटकून टाकलं होतं. हे झटकता येईना.

गुरुजींच्या लेकीला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी गुरुजी आमंत्रण घेऊन आले आणि उंबऱ्यातच घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, "पाळण्यापाशी तुमीच, पोरीचा हट्टच हाय. फक्त एक करा. व्याह्यांच्या घरी ह्या युद्धावरून रोज जुंपते. व्याही त्या देशाचे भक्त, विहीणबाईंना त्याचं नाव सहन होत न्हाई. कुणी विचारलंच तर ख्रिश्चन म्हणून सांगा. उगं तकलीफ कशाला?"

मी म्हटलं, येईन. खोटं बोलणार नाही.

गेले मी. बाळंतीण मला बघून हसली. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. मी लेकरू खालून दिलं, त्यांनी अलगद घेतलं. हात सवयीचे होते त्यांचे, मायेचेही. घेता घेता सहज विचारलं, "सिस्टर, तुमी कोणच्या म्हणायच्या?"

"ज्यू," मी म्हटलं. "बेने इस्रायल."

लेकरू वरून परत यायला हवं होतं. ते आलं नाही. विहीणबाईंनी त्याला छातीशी धरलं. "म्हंजे तिकडं लेकरं मारून राहिले, ते तुमचे लोक?" बाईला त्या लेकरांचं खरंच वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. मला जेवढं वाटतं तेवढंच तिलाही वाटत होतं.

तेवढ्यात दारातून गुरुजी पुढे आले, हसऱ्या तोंडानं, मला सांभाळून घ्यायला. "तशा न्हाईत हो आमच्या सिस्टर. त्या तर स्टेजवरून आपल्या लोकांच्या विरोधात बोलल्या!"

"असं व्हय," विहीणबाई म्हणाल्या. चेहरा निवळला, आणि त्यांनी लेकरू पाळण्यावरून माझ्याकडे धरलं.

मला फक्त हात पुढे करायचे होते.

"मी माझ्या लोकांच्या विरोधात एक शब्द बोलले नाही," मी म्हटलं. "एका सरकारच्या विरोधात बोलले. माझे लोक म्हणजे माझी बहीण, माझे आईबाप. त्यांनी कुणाचं लेकरू मारलेलं नाही."

विहीणबाईंनी हात मागं घेतले. त्यांच्या शेजारी चुलत जाऊ उभी होती, तिला खूण केली. ती वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि मी सरकले. बाळंतिणीनं बापाकडे बघितलं. बाप पाळण्याच्या दोरीची गाठ नीट आहे का ते बघत होता.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी बाहेर चपला शोधत होते. नाव काय ठेवलं ते दुसऱ्या दिवशी कळलं, भिंतीपलीकडून कुणीतरी त्या लेकराला हाक मारली तेव्हा.