मोतीबाईच्या अळंबीची जागा

लग्न होऊन तीन पावसाळे गेले तरी मोतीबाईला सासूने अळंबीची जागा दाखवली नव्हती. ही पोरगी घरात टिकते की माहेरी पळते, याची सासूला, ठमाबाईला, आधी खात्री हवी होती. चौथ्या श्रावणात तिने सुनेला बरोबर घेतलं. पालेगावच्या नाल्याच्या कडेने, मग शेजाऱ्याच्या बांधावरून. जाताना एक वाट, येताना दुसरी; रोज एकाच वाटेने गेलं की गवत मोडतं आणि मोडलेलं गवत चहाडी करतं. ऐनाच्या झाडाखाली वारूळ होतं आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या कळ्यांचा घोस.

"लोखंड लावायचा नाय. बोटान काढायची. फुललेली तशीच ठेवायची. आन् तोंड बंद," सासू म्हणाली.

मोतीबाईने बेचाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं. तेवढ्या काळात शेतं गेली, टॉवर उभे राहिले. बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणामागे एक पट्टा उरला आणि त्यात ते वारूळ. मुलगा धर्मेश आनंदनगरच्या कंपनीत शिफ्ट करतो. सुनेला तिने जागा दाखवायचं काढलं, तर ती हसली, "आई, स्टेशनबाहेर डब्यात साफ केलेली मशरूम भेटतात. चिखलात कोण जाणार?" आपण गेल्यावर ही जागा कुणाची, एवढं एकच मोतीबाईला खात राहिलं.

समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रेयी शाळेत शिकवते. रविवारी ती दहा-बारा पोरांना झाडं-पानं दाखवत हिंडवते. तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला रानातलं कळतं. याल आमच्याबरोबर?"

दोन रविवार मोतीबाईने फक्त काय खायचं नाही तेच दाखवलं. ओळखीचं नसेल ते तोंडात घालायचं नाही, माणूस मरतो, हे पोरांकडून तीन-तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्या रविवारी ती नाल्याकडे वळली.

"आजी, सीधा रास्ता है ना, मग असं गोल गोल कशाला?" तेजस्वी म्हणाली. नऊ वर्षांची ती, सगळ्यांत बडबडी.

"गवताला कलू नये म्हनून."

"गवत काय पोलीस आहे?" पोरं खिदळली. पण वारूळ दिसताच सगळी त्याच्याभोवती उकिडवी बसली.

मोतीबाईने लोखंडाचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, फुललेल्यांचंही सांगितलं. चौथी गोष्ट ओठांवर आली आणि तिथेच राहिली. आनंदाने एकमेकांना हाका मारणाऱ्या पोरांना तोंड बंद ठेवा, हे तिच्याने सांगवेना.

त्या दिवशी मोतीबाईच्या परवानगीने एकच फुललेली छत्री मैत्रेयीच्या घरी आली. काळ्या कागदावर ठेवून वर वाटी पालथी घातली. दुसऱ्या सकाळी कागदावर छत्रीतून झडलेल्या बीजाणूंच्या गुलाबीसर भुकटीच्या बारीक रेषा उमटल्या होत्या, एखाद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. इतकी वर्षं अळंबी रांधणाऱ्या मोतीबाईने हे कधी पाहिलं नव्हतं. ती कितीतरी वेळ कागद धरून बसली. या पोरांच्या रूपाने जागेला वारस मिळाले, असं तिला वाटलं.

पोरांनाही वाटलं, आजीची अळंबी सांभाळावी. त्यांनी पुठ्ठ्याच्या छत्र्या कापल्या, रंगवल्या आणि पत्र्याच्या फटीपासून थेट वारुळापर्यंत काठ्यांवर लावल्या. वर पाटी: "इथे अळंबी आहे. तोडू नका."

बुधवारी मोतीबाई गेली तेव्हा वारूळ फावड्याने उकरलेलं होतं. खाली आणखी असेल म्हणून कुणीतरी पार पोटापर्यंत खणलं होतं. अळंबी जिच्या जिवावर उगवते ती वाळवी उघडी पडली होती, तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"आम्ही तर लिहिलं होतं ना, तोडू नका," तेजस्वी हुंदके देत म्हणाली.

"मावशी, माझं लक्ष हवं होतं," मैत्रेयी म्हणाली.

मोतीबाई कुणाला रागावणार? तिने मुठी-मुठीने माती परत लोटली. पोरांनी शाडूच्या अळंब्या करून, पांढऱ्या रंगवून वर खोचल्या.

यंदाच्या श्रावणात पोरं स्वतःहून मोतीबाईच्या दारात आली आणि तिला घेऊन नाल्याकडे निघाली. वारुळाच्या जागी सपाट माती होती. शाडू विरघळून गेला होता. पत्र्यापासून तिथवर मात्र सरळ, रुंद पायवाट पडली होती.

"उद्या येतील का, आजी?"

"मना नाय ठाव, बाय."

"तुझी दुसरी जागा आहे ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. परतताना ती सवयीने दुसऱ्या वाटेला, बांधाकडे, वळली. लपवायला आता काही उरलं नव्हतं. तरी पोरं ती सरळ पायवाट सोडून, गवत मोडू नये म्हणून जपून पाय टाकत, तिच्या मागे रांगेने आली.